पाच मिनिटं

पल्लवीला पाहायला कारंज्याहून पाहुणे आले होते. चहाचा ट्रे ठेवून ती खुर्चीवर टेकते न टेकते, तोच पदराआड लपवलेला फोन थरथरला. दूर अवकाशात तारा फुटून गॅमा किरणांचा लोळ उठल्याचा इशारा होता तो. पाच मिनिटांच्या आत तिनं लॅपटॉपवरून परदेशातली दुर्बीण तिकडे वळवली, तरच त्याची विझती चमक सापडणार होती. याच घडीसाठी चार वर्षं घालवली होती तिनं! ती उठायला लागली, तशी आईनं मनगट दाबून तिला खाली बसवलं.

"पोरीच्या नोकरीत लय धावपळ तं नाही ना?" मुलाच्या आत्यानं विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं सरली होती.

पल्लवीचे वडील शेषराव खळखळून हसले. "छ्या! दुर्बिणीतून आभाळ पाहाचं, बस. अन् आभाळ काय कुठी पळून चाललं?"