पोकळ ठिपका

पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक रोगी. उजवीकडे जावं तसं रक्तातलं प्रथिन वाढायचं, वर जावं तसं आयुष्य. ठिपके डावीकडून उजवीकडे असे घसरत गेले होते की डॉक्टर हरखलेच.

"प्रथिन जास्त, आयुष्य कमी! याला म्हणतात संबंध!"

संख्याशास्त्रज्ञ मुलगी मात्र एकाच ठिपक्याकडे बघत होती. अगदी उजव्या टोकाचा ठिपका तिच्या बाबांचा होता. एवढं प्रथिन दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. आणि तो काळा होता. काळा म्हणजे गेलेला.

बाबा तर तपासणीसाठी बाहेर बाकावर बसले होते. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, आवाज भिंतीतून आत येत होता.

चूक तिचीच होती. हयात रोग्यांची शेवटच्या भेटीची तारीख तिनं मृत्यूची म्हणून धरली होती. जो अजून जगतोय त्याचं आयुष्य मोजून संपवायचं नसतं, हे ती विद्यार्थ्यांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची.

तिनं दुरुस्ती केली. हयात माणसांचे ठिपके पोकळ झाले. आता हा संबंध एकदाचा मोडू दे, असं मनात घोकत तिनं सगळा हिशेब पुन्हा केला.

संबंध मोडला नाही. पोकळ ठिपके बहुतेक डावीकडेच होते. कमी प्रथिनवाल्या त्या माणसांचं आयुष्य अजून वाढणार होतं, म्हणून तो उलट जास्तच घट्ट झाला.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "मग तोंड का पाडलंस?"

तेवढ्यात दार ढकलून बाबाच आत आले. "अगं, बसून बसून पाठीचा पार खुर्दा झाला. आटपलं का?" मग पडद्याकडे बघत म्हणाले, "यात मी कुठाय?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. तिनं बोट ठेवलं. डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"पोकळ का गं?"

"तुम्ही आहात म्हणून, बाबा."

बाबांनी चष्मा सारखा केला. त्यांच्या आजूबाजूचे सगळे ठिपके काळे होते.

"म्हणजे हे सगळे उतरले."

डॉक्टरांनी घाईघाईनं पडदा बंद करायला हात पुढे केला.

"थांबा हो डॉक्टर," बाबा म्हणाले. "दिवे नका मालवू. गाडीत अजून माणूस आहे."