नमुना चेहरा

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंनी ओळखीचं कार्ड उजेडात तिरकं धरलं. मोठ्या फोटोशेजारचा पुसट छोटा फोटो निरखला. कार्ड हलवलं तसा तो चेहरा डावीकडून उजवीकडे वळला. सगळं जिथल्या तिथे होतं.

"काम चोख आहे," त्या म्हणाल्या, "पण कार्ड बनावट आहे."

कार्ड पुढे करणारा मुलगा काउंटरवर वाकला. शेजारी आई डोळ्याला पट्टी बांधून त्याचा दंड धरून उभी होती. डोळ्यामागचा पडदा सुटत चालला होता. दुपारच्या आत ऑपरेशन झालं नाही तर डोळा गेलाच म्हणून समजा, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं. दुसरा डोळा कधीच कामातून गेलेला. आणि साडेअकरा वाजून गेले होते.

बाईंनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. खरं कार्ड कसं ओळखावं याचा तक्ता तिथे लावला होता, आणि तक्त्यावर आईच हसत होती. कपाळावर आडवं लिहिलेलं, 'नमुना'. हा फोटो उचलून खोटी कार्डं काढणारे महाभाग मध्यंतरी फार बोकाळले होते. तेव्हापासून नियमच झाला, की हा चेहरा दिसला की कार्ड जप्त.

नियम या मुलाचाच होता; कार्डं काढणाऱ्या ऑफिसात तो कामाला होता. कार्डाचा आराखडा त्याचा, वळणारा छोटा फोटोही त्याच्याच डोक्यातून निघालेला. नमुन्याला चेहरा हवा होता. परक्या माणसाच्या परवानगीची कटकट कशाला, म्हणून त्याने आईलाच खिडकीपाशी बसवलं होतं. आईने ते वर्षभर सांगून शेजाऱ्यापाजाऱ्यांना भंडावलं. तिचं स्वतःचं कार्ड मात्र आजवर कपाटाबाहेर पडलं नव्हतं. ते घेऊन ती कधी रांगेत उभी राहील, हे या शहाण्याला सुचलंच नाही.

त्याने परोपरीने सांगून पाहिलं. ऑफिसला फोन लावला. सहकारी हळहळला, पण नियमातून सूट हवी तर लेखी अर्ज आणि तीन दिवस, म्हणाला. तेही यानेच ठरवलेलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं.

बाई काही दगडाच्या नव्हत्या. इकडेतिकडे बघून त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. अनोळखी रुग्णाला कार्ड लागत नाही, म्हणाल्या. रस्त्यात सापडल्या असं लिहा, लगेच आत घेतील.

नावापुढे त्याने 'माहीत नाही' लिहिलं. पुढचा रकाना होता, आणणाऱ्याचं रुग्णाशी नातं. तिथे पेन अडलं. त्याने घड्याळ पाहिलं, पुन्हा रकाना पाहिला, पुन्हा घड्याळ.

"काय अडलं रे?" आईने विचारलं. त्याने खालच्या आवाजात वाचून दाखवलं.

"मग लिही की, कोणी नाही म्हणून," आई म्हणाली. "डोळा राहिला तर मी ओळखीन तुला."