सुरतेचं कार्ड

"दार उघडू नको, म्हातारे!" हारुन शिंप्याच्या ओसरीवरची सगळी पोरं एकदम ओरडली.

टीव्हीतल्या म्हातारीनं त्यांचं ऐकलं नाही. तिनं कडी काढली. दारात तिची मेलेली मुलगी उभी होती. मालिकेचा त्या रविवारचा भाग तिथंच संपला.

"झालं! पुढच्या रविवारी म्हातारी खलास," टीव्ही बंद करत हारुन म्हणाला.

"तिची काय चूक?" शेजारची चिमणाबाई उसळली. "चुकला तो वैद्य. पोरगी मेल्याचं ठाऊक असून म्हणाला, सासरी सुखात आहे. मग तिचे दिवस कोण घालणार? पिंड कोण देणार? जीव भटकतोय, आणि आता आईला न्यायला आलाय."

"बिचाऱ्याला दया आली, म्हणून खोटं बोलला तो."

"दया! रडली असती चार दिवस. आता जीवच जाईल तिचा."

एका पोरीनं विचारलं, "आणि वैद्यानं आता खरं सांगितलं तर?"

"तर वाचेल," हारुन हसला. "पण त्याचं तोंड बघितलंस ना? शेळपट आहे तो!"

पोरं खिदळली. धोंडीराम हसले नाहीत. टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. ते खांबाला टेकून बसलेल्या नवसाबाईकडे बघत होते. महिनाभर तापानं तिला पिळून काढलं होतं. औषध लागू पडत नव्हतं. तरी दर रविवारी ती येऊन बसे आणि पापणी न लववता ती मालिका बघे.

धोंडीरामांच्या सदऱ्याच्या खिशात त्या दिवशी एक जुनं पोस्टकार्ड होतं. बारा वर्षं ते त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी पडून होतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. नवसाबाईचा एकुलता एक मुलगा भिकन तेव्हा दोन वर्षं परागंदा होता. जत्रेतल्या मारामारीत त्याच्या हातून आळीतल्याच सहादूचा धाकटा भाऊ गेला, आणि भिकन त्याच रात्री पळाला. तिरडीला हात लावून सहादूनं शपथ घेतली होती, भिकन जिथं सापडेल तिथं त्याला उभा चिरीन.

मग सुरतेहून कार्ड आलं. कार्डाला पाकीट नसतं. धोंडीरामांनी ते नाशिक रोडच्या टपाल कचेरीतच वाचलं. कुणा मित्रानं लिहिलं होतं: भिकन पटकीनं गेला, इथंच अग्नी दिला, आईला कळवावं.

नवसाबाईला अक्षरओळख नव्हती. वस्तीतल्या निम्म्या लोकांची पत्रं धोंडीरामच वाचून दाखवत. वाटभर त्यांची सायकल जड झाली होती. ते पोचले तर नवसाबाईनं आधीच हाका मारमारून सगळी आळी ओट्यासमोर गोळा केलेली. "माझ्या भिकनचं कार्ड आलंय, या, ऐका!" मागे कडूनिंबाखाली सहादूही येऊन उभा राहिला.

एवढ्या आशेनं बसलेल्या आईला ते कसं वाचून दाखवायचं? धोंडीरामांनी सहादूकडे एकदा पाहिलं. मग मनाशी म्हणाले, मेलेल्याला आता कोण मारणार? आणि त्यांनी वाचलं, "आई, मी खुशाल आहे. गिरणीत काम लागलंय. काळजी करू नको." खोटं खोटं वाटू नये, म्हणून कार्डावरचा सुरतेचा पत्ता तेवढा जसाच्या तसा वाचला.

नवसाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "नीट वाचा, भाऊ," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. या खेपेला मोठ्यानं, पत्त्यासकट. बाईला आनंद सोसला नाही, असंच त्यांना वाटलं.

त्यानंतर सुरतेहून काही आलं नाही. नवसाबाईनंही कधी विचारलं नाही. सहादूनंसुद्धा भिकनचं नाव काढणं सोडलं. काळ हाच मोठा वैद्य, असं धोंडीराम म्हणत. फक्त नवसाबाई दरवर्षी आपल्या भावाला घेऊन त्र्यंबकला जाऊन येई. पोराच्या खुशालीसाठी देवाला जाते, असं लोक म्हणत. ते ऐकलं की धोंडीराम तिथून उठून जात.

ओसरी रिकामी झाली. अजून उजेड होता. नवसाबाई भिंतीला धरून उठली.

"चला, घरापर्यंत येतो," धोंडीराम म्हणाले.

तिच्या ओट्याशी पोचल्यावर त्यांनी कार्ड काढलं.

"नवसाबाई, मी तुमचा अपराधी आहे. हे कार्ड मी खोटं वाचलं. भिकन तेव्हाच गेला होता. तुमच्या डोळ्यांत पाणी बघवलं नसतं मला. माझ्यापायी त्याचे पिंड राहिले."

तिनं कार्डाला हात लावला नाही. ती सावकाश ओट्यावर बसली.

"पिंड राहिले नाय, भाऊ. त्र्यंबकला दर साल देतोय ना माझा भाऊ."

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं? कार्डात काय लिहिलंय ते?"

"असणारच की. मीच निरोप धाडला व्हता भिकनला, असं कार्ड लिहून घे म्हणून. तुम्ही ते चारचौघांत वाचाल, सहादू ऐकल, आन् त्याचा नाद सोडल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कार्ड आलं तवा भिकन चांगला धडधाकट व्हता, भाऊ. तुम्ही पत्ता वाचलात, त्याच्या तिसऱ्या दिवसापतुर."