बेडकाची उडी

माझी सून वेबसाइट घडवण्याची नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी हौसेचे प्रयोग. ताजा प्रयोग म्हणजे कॅमेऱ्यापुढे डोळे घट्ट मिटले की पडद्यावर उडी मारणारा बेडूक. “एवढं शिकून बेडूक उडवतेस?” मी विचारले. ती लॅपटॉप घेऊन यजमानांच्या पलंगाशी बसली. पक्षाघाताने ते आठ महिने निश्चल होते. त्यांना काहीच कळत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. “बाबा, डोळे घट्ट मिटा बरं.” बेडूक उडाला. “योगायोग!” मी दटावले. “अहो, आता मी सांगेपर्यंत मिटायचे नाहीत.” बेडूक जागचा हलला नाही. मी वीसपर्यंत मोजले. “आता!” बेडूक उडाला. “दोनदा!” तो दोनदा उडाला. एवढ्याशा बेडकापुढे मी नतमस्तक झाले. “ऊठ,” मी सुनेला फर्मावले. “ती खुर्ची मला दे. यांना आठ महिन्यांचं ऐकवायचं राहिलंय.”