पेटीपासून दूर

"हिनं पिल्लांना टाकलेलं दिसतंय," ससा घ्यायला आलेला गृहस्थ म्हणाला.

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात लाकडी पेटी होती. तीत गवत, आणि त्यावर मादीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरलेले. त्या उबेत पिल्ले एकमेकांना बिलगून निजली होती. मादी मात्र दुसऱ्या टोकाला पाठ फिरवून बसली होती. जणू त्यांच्याशी तिचे काही देणेघेणेच नव्हते.

मावशी हसली. ससे पाळता पाळता तिचे केस पिकले होते. "सगळे असंच म्हणतात. दिवसातून एकदा येईल, घाईघाईत पाजेल, की पुन्हा लांब. पिल्लांना फारसा वास नसतो हो, आईला असतो. ती जवळ बसून राहिली तर कोल्हा थेट बिळाशी येईल. लांब राहणं हीच तिची माया."

"आणि कोल्हा हुशार असला तर?"

"तर तो बीळ शोधत बसत नाही. आईच्या मागावर राहतो."

गृहस्थाने मान डोलावली. माणूस ऐकून घेणारा होता. मावशीला बरे वाटले.

आतल्या खोलीत तान्ही मुलगी रडू लागली. मावशी तिला खांद्यावर टाकून थोपटत बाहेर आली.

"नात का?"

"भाचीची लेक. आमची भाची म्हणजे संध्याकाळी उगवणार, पोरीला पाजणार आणि चहालाही न थांबता पळणार. वर मलाच बजावते, पोर इथं आहे हे कुणाला बोलू नकोस. नवरा म्हणे परगावी असतो. मी तर त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. लग्न परस्परच उरकलं ना."

"कामाचा ताण असेल."

"कसला ताण? परवा मनगट काळंनिळं झालेलं. म्हणाली, यंत्रात सापडलं. कचेरीत कारकुनी करणारीला कुठलं हो यंत्र?"

बोलता बोलता मावशी थबकली. तिची नजर पाठमोऱ्या मादीवर गेली. इतके दिवस भाचीला ती दगडाच्या काळजाची म्हणत आली होती, आणि मघाशी सशाच्या मादीची वकिली मात्र तोंड भरून केली होती. आज ती आली की टोमणा मारायचा नाही, जवळ बसवून विचारायचे, असे तिने मनाशी ठरवले.

"जाऊ द्या, घरचं रडगाणं मेलं," ती म्हणाली. "तुम्हाला लेकीसाठी ससा हवाय ना? केवढी आहे लेक?"

गृहस्थ उठला. त्याने दाराला आतून कडी लावली आणि परत येऊन मावशीच्या खांद्याकडे दोन्ही हात पसरले.

"एवढीच," तो म्हणाला. "ये चिंगे, बापाकडे ये. तुझी आई येईपर्यंत थांबू आपण."