होडीच्या फटी

"होडी गळणारच, माणिकराव! हरंल त्यानं भर बाजारात अर्धी मिशी काढायची." मी असं डिवचलं तवा कुठं आमचे शेजारी आपल्या शिडाच्या होडीच्या फळ्या सोता दुरुस्त करायला बसले. यंदा गळली तर फळ्या चुलीत, असं त्यांच्या बायकोनं, सगुणावहिनींनी, बजावलं होतं. ते फटीत कापूस ठासायचे, वर डांबर लावायचे. जेवायला घरी गेले की राहिलेल्या फटी मी गुपचूप बुजवायचो. शेवटी वहिनींनीच होडीत पाण्याच्या घागरी वतल्या. खाली थेंब न्हाई.

बोरीच्या बाजारात न्हाव्यानं माझी अर्धी मिशी उडवली. लोकं लय खिदळले. माणिकराव शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"माझी बी अर्धी काढ रे बाबा. जेवून आलो की फटी कमी व्हायच्या. मी काय आंधळा हाय?"