फाटकापर्यंतचा उजेड

“बाबांचं आवडतं स्तोत्र तूच वाच, बाई,” म्हणत पाळकसाहेबांनी शास्त्र, बाबांचं बायबल, पुढं केलं. मालविकानं हात मागं घेतला. दिवेलागणीची वेळ, त्यात लाइट गेलेली. “दुसऱ्या कुणी वाचा,” ती म्हणाली.

तिचे वडील बसवंत कालच मातीआड झाले होते. उदगीरच्या रेल्वे फाटकावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. गाडीची वर्दी आली की फाटक बंद. मग कुणी पाया पडो की शिव्या देवो. अन् ड्यूटी सोडून पाऊलभरही हलणं नाही. लेक लातूरच्या कॉलेजातून अंधारात स्टँडवर उतरून फाटकापाशी घरी परतायची, तिच्यासाठीही नाही. “आपण सरळ चालावं, पोरी. राखणारा राखतो,” एवढंच म्हणायचे. ‘परमेश्वर तुला राखील’ म्हणणाऱ्या त्या स्तोत्रातून त्यांनी घेतलं ते एवढंच.

मालविकाला राखणारा कधी दिसला नाही. दिसायचे ते त्याच बसनं येणाऱ्या रजियाचे अब्बा, जिलानीचाचा. लेकीसाठी रोज स्टँडवर हजर, हातात बॅटरी. मालविका पुढं एकटी चालायची. मागून बापलेकीच्या गप्पा ऐकू यायच्या आणि बॅटरीचा उजेड तिच्या पायांपाशी सांडायचा. दुसरीच्या बापाचा उजेड. तिला तो नको असायचा. ती झपझप चालायची, उजेडही झपझप यायचा. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. लग्न झालं, पोरं झाली, तरी रजिया दिसली की ती तोंड फिरवायची.

आता रजिया शेजारी बसून डोळे पुसत होती. मालविकाला तेही सोसलं नाही.

“तू कशाला रडतेस? तुला न्यायला तर रोज अब्बा यायचे.”

रजिया तिच्याकडं वळली. “मला? आमचं घर स्टँडच्या मागंच हाय की गं, तू कधी आलीच न्हाईस. फाटकाकडं आमचं काय काम? अब्बा तुझ्यासाठी यायचे. तुला अवघड वाटू नये म्हणून मला ओढायचे सोबत. लई राग यायचा मला तुझा. पोटात कावळे ओरडायचे, अन् तुझ्यामागं ही पायपीट!”

मालविकानं विचारलं, “बाबांनी सांगितलं होतं?”

“न्हाई. त्यांना कळू द्यायचं न्हाई, अशी ताकीदच होती अब्बांची. लहानपणी मी तापानं फणफणले होते. अब्बांनी दवाखान्यात न्यायला टेम्पोत घातलं, तर फाटक बंद. गाडी तर दिसेना. अब्बांनी पाय धरले, नोट काढली, शेवटी शिवी हासडली. बसवंतचाचांनी फाटक उघडलं न्हाई. अन् तेवढ्यात वळणावरून गाडी धडधडत आली.” रजियानं नाक पुसलं. “अब्बा म्हणायचे, ज्यानं माझी पोर राखली, त्याची पोर अंधारात एकटी चालणार न्हाई.”

मालविकानं पाळकसाहेबांकडं हात पसरला. शास्त्र घेतलं, बाबांची खूण लावलेलं पान उघडलं. अक्षर दिसेना.

खांद्यावरून पानावर उजेड पडला. मागं रजिया मोबाइल धरून उभी होती.

या वेळी मालविकानं मागं वळून पाहिलं.